नंदावर संशय कोण घेणार?

सीमाभागात राहणाऱ्याला एका वस्तूची दोन नावे अंगवळणी पडलेली असतात. मराठीत आपण जिला रहस्यकथा म्हणतो, तिला आपला कन्नड शेजारी ‘पत्तेदारी कादंबरी’ म्हणतो. वरवर पाहता दोन्ही एकच. पण मला विचाराल तर कन्नड नाव अधिक चोख आहे. आपल्या नावात भर आहे तो झाकून ठेवलेल्या गोष्टीवर. त्यांच्या नावात भर आहे तो पत्ता लावण्यावर. झाकलेले एकदा उघडे पडले की आपली रहस्यकथा संपली. पत्ता कसा लावला, ही गोष्ट मात्र दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदाही सांगता येते.

आमच्या घरी बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके वडिलांच्या उशाखाली असत. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही मंडळी आमच्या घरात चुलत्यामामांसारखी वावरत. बाबूरावांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. भिंतीपलीकडच्या घरात तोच मान एन. नरसिंहय्यांच्या पत्तेदार पुरुषोत्तमाला होता. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या या गृहस्थाने शेकड्यांनी कादंबऱ्या लिहिल्या आणि कन्नड माणसाला वाचायची गोडी लावली. दोन्ही घरांत पुस्तकांचा हाल सारखाच, म्हणजे शेवटचे पान हमखास गळालेले. त्यामुळे खुनी कोण हे पुस्तकातून कळण्याऐवजी आधी वाचलेल्या माणसाकडून कळे, आणि तो माणूस ते सांगण्यासाठी टपलेलाच असे.

सिनेमाचे त्याहून वाईट. अळणावर हे जंक्शन. लोंढ्याकडून धारवाड-हुबळीकडे जाणारा मुख्य रस्ता आणि रानात शिरून दांडेलीकडे जाणारा फाटा येथे भेटतात. गाव लहान, पण फलाटावर मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू सगळेच कानावर पडायचे. १९५६ सालच्या नोव्हेंबरात हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. माझा जन्मही त्याच सालचा, त्यामुळे वय सांगताना मला वेगळा हिशेब करावा लागत नाही. नवा सिनेमा पाहायचा तर धारवाड, हुबळी नाहीतर बेळगाव गाठावे लागे. तिकडे जाऊन आलेला माणूस संध्याकाळच्या पॅसेंजरने परत येई तो सिनेमाचा शेवट बरोबर घेऊनच. सिनेमा पाहण्याआधी त्याचा शेवट आम्हाला ठाऊक झालेला असे. आणि तरीही आम्ही तो पाहायला जात असू, हे विशेष!

मग प्रश्न असा पडतो की, खुनी कोण हे ठाऊक असताना माणूस रहस्यपट का पाहतो? आणि त्याहून पुढचा प्रश्न, तीच गोष्ट पन्नास वर्षांनी पुन्हा कोणी काढायला घेतली तर त्याने नेमके काय करायचे?

या प्रश्नाची दोन उत्तरे २०१७ सालच्या नोव्हेंबर महिन्यात एकाच वेळी पडद्यावर आली. एक साहेबाचे. अगाथा ख्रिस्तीबाईंची ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ ही कादंबरी १९३४ ची. बर्फात अडकलेली आगगाडी, डब्यात खून, आणि बाहेरून कोणी आत आलेले नाही. सिडनी लुमेट यांनी १९७४ साली तिच्यावर चित्रपट काढला, त्यातल्या भूमिकेसाठी इन्ग्रिड बर्गमनना ऑस्कर मिळाले. २०१७ साली केनेथ ब्रानाघ यांनी तीच गाडी पुन्हा बर्फात अडकवली आणि स्वतः मोठ्या मिशा लावून पॉयरो झाले. उत्तर त्यांनी बदलले नाही. बदलून चाललेच नसते, कारण ते उत्तर हाच त्या कादंबरीचा प्राण. जगभरच्या वाचकांना ते ठाऊक होते, म्हणून त्यांनी डब्यात नामवंत चेहरे भरले आणि रहस्याऐवजी गाडीचा थाट दाखवला.

दुसरे उत्तर आपल्याकडचे. ३ नोव्हेंबर २०१७ ला ‘इत्तफाक’ नावाचा हिंदी चित्रपट लागला. १९६९ सालच्या त्याच नावाच्या चित्रपटाचा हा नवा अवतार. दिग्दर्शक अभय चोप्रा, म्हणजे जुन्या चित्रपटाचे निर्माते बी. आर. चोप्रा यांचे नातू. आजोबांच्या घरातला खून नातवाने पुन्हा उकरून काढला म्हणायचे! त्याने मात्र उत्तरच बदलले. ते का बदलावे लागले, हे समजून घ्यायचे तर जुन्या ‘इत्तफाक’पाशी जावे लागते, आणि जुन्या ‘इत्तफाक’पाशी गेले की कोल्हापूरच्या एका मुलीपाशी थांबावे लागते. मला खरे तर तिच्याविषयीच लिहायचे आहे.

आधी चित्रपटाची वंशावळ. मूळ नाटक इंग्रजी, मॉन्टी डॉइल यांचे, १९६२ च्या सुमाराचे. नाव ‘साइनपोस्ट टु मर्डर’. १९६४ मध्ये त्याच नावाचा अमेरिकन चित्रपट आला, जोअॅन वुडवर्ड त्याची नायिका. तिथून गोष्ट मुंबईच्या गुजराती रंगभूमीवर उतरली, ‘धुम्मस’ या नावाने. धुम्मस म्हणजे धुके. हे नाटक गाजवले सरिता जोशी यांनी, आणि या सरिता जोशी माहेरच्या भोसले. मराठी घरातली मुलगी गुजराती रंगभूमीची राणी झाली आणि २०२० साली पद्मश्रीची मानकरी ठरली. दोन भाषांत जगणाऱ्या आपल्या मंडळींना यात नवल वाटणार नाही, पुण्या-मुंबईकडच्यांना वाटेल. चोप्रांना धुके एवढे आवडले की १९७३ साली ख्रिस्तीबाईंच्या एका नाटकावर त्यांनी चित्रपट काढला तेव्हा त्याचे नाव ठेवले ‘धुंद’. तो अर्थात वेगळा खून.

१९६९ साली चोप्रांचा ‘आदमी और इन्सान’ अर्धवट अडला होता, कारण नायिका सायरा बानू आजारी पडल्या. तंत्रज्ञ रिकामे, पैसा अडकलेला. या मोकळ्या दिवसांत धाकट्या भावाने, यश चोप्रांनी, ‘धुम्मस’वरून एक छोटा चित्रपट जेमतेम महिन्याभरात उरकला. एक रात्र, एक घर, धो धो पाऊस. एकही गाणे नाही; सलील चौधरींचे फक्त पार्श्वसंगीत. ज्या काळात गाणे नसलेला सिनेमा म्हणजे मीठ नसलेली आमटी, त्या काळात हे धाडसच. चोप्रांच्या घरी असे धाडस एकदा झाले होते, १९६० च्या ‘कानून’मध्ये. त्याच्याकडे पुढे वळायचेच आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. दिलीप रॉय हा चित्रकार. बायकोच्या खुनाचा आरोप त्याच्यावर आहे. खटल्यात त्याचा तोल सुटतो, त्याला वेड्यांच्या इस्पितळात धाडतात आणि एका पावसाळी रात्री तो तिथून पळतो. एका बंगल्यात शिरतो. घरात एकटी बाई, रेखा. नवरा परगावी गेलेला. तो तिला धाक दाखवून घरात दडतो. थोड्या वेळाने त्याला न्हाणीघरात एक प्रेत दिसते. तो तिला ओढत घेऊन येतो तर प्रेत जागेवर नाही! आता सांगा, वेड्याच्या इस्पितळातून पळालेला, बायकोच्या खुनाचा आरोप डोक्यावर असलेला पुरुष म्हणतो ‘मी प्रेत पाहिले’, आणि घरंदाज बाई म्हणते ‘इथे काही नाही’. तुम्ही कोणाचे ऐकाल?

दिलीप होता राजेश खन्ना, ‘आराधना’ने अख्खा देश वेडा झाला त्याच वर्षीचा. आणि रेखा होती नंदा.

नंदा म्हणजे मास्टर विनायक यांची मुलगी. मास्टर विनायक यांचे पूर्ण नाव विनायक दामोदर कर्नाटकी. हे आडनाव आपण सीमाभागातल्यांनी जरा थांबून वाचावे असे आहे. कोल्हापुरात वाढलेला, मराठी बोलपटाला हसायला शिकवणारा, आचार्य अत्र्यांच्या लेखणीवर ‘ब्रह्मचारी’ आणि ‘ब्रँडीची बाटली’ उभे करणारा हा माणूस आडनावाने कर्नाटकी. आज कोणी आडनावावरून माणसाचा प्रांत ठरवू लागला की मी त्याला विनायकरावांचे पूर्ण नाव विचारतो. उत्तर सहसा मिळत नाही.

‘ब्रँडीची बाटली’ १९३९ ची. नंदाचा जन्मही त्याच वर्षीच्या जानेवारीतला. १९४७ च्या ऑगस्टमध्ये, देश स्वतंत्र झाल्यावर चारच दिवसांनी विनायकराव गेले. ‘मंदिर’ नावाचा त्यांचा चित्रपट अपुरा राहिला होता. तो १९४८ साली पुरा होऊन आला आणि त्यात बेबी नंदा मुलाच्या वेषात दिसली. घर चालवण्यासाठी पोर कामाला लागली ती लागलीच. ‘कुलदैवत’, ‘शेवग्याच्या शेंगा’ असे मराठी चित्रपट झाले. १९५६ साली शांतारामबापूंच्या ‘तूफान और दिया’मध्ये ती बहीण झाली. १९५९ साली एल. व्ही. प्रसाद यांच्या ‘छोटी बहन’मध्ये ती आंधळी झालेली धाकटी बहीण होती, आणि त्यानंतर भारतात कोणत्याही घरात राखी बांधताना नंदाची आठवण निघाल्याशिवाय राहिली नाही. (हा चित्रपटसुद्धा तमिळ ‘एन तंगै’वरून घेतलेला. भाषा बदलून गोष्ट पुन्हा सांगणे हा आपल्या सिनेमाचा जुनाच धंदा.)

एवढे सांगितले ते एका गोष्टीसाठी. दहा वर्षांत नंदाचा चेहरा हा केवळ नटीचा चेहरा उरला नव्हता. ती घरातली मुलगी झाली होती. तिने पदर सावरला की समोरचे अर्धे थिएटर पदर सावरायचे.

आता एक मौज पाहा. ही घरातली मुलगी या काळात खुनाच्या गोष्टींत सारखी दिसते. १९६० च्या ‘कानून’मध्ये ती न्यायाधीशाची मुलगी. गाणी नसलेला चोप्रांचा पहिला चित्रपट तो हाच. भावी जावयाने खून पाहिला आहे आणि करणारा त्याला सासराच दिसला आहे, असा पेच. त्यातल्या फुटकळ चोराच्या भूमिकेसाठी आपल्या नाना पळशीकरांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. संशय बापावर, नवऱ्यावर, जगावर, मुलीवर नाही.

मग १९६५ चा ‘गुमनाम’. मूळ ख्रिस्तीबाईंचे, एका बेटावर एकेक करून मरणाऱ्या दहा जणांचे. दिग्दर्शक राजा नवाथे. हे नाव आज मराठी माणसाला पटकन आठवत नाही, ही खंत आहे. राज कपूरच्या ‘आह’चे दिग्दर्शन त्यांचे. १९५६ चा ‘बसंत बहार’ही त्यांचाच, आणि तो त. रा. सुब्बराव यांच्या ‘हंसगीते’ या कन्नड कादंबरीवरून घेतलेला. त्यात मन्ना डेंबरोबर गायला बसले आपले भीमसेन जोशी. कन्नड कादंबरी, मराठी दिग्दर्शक, गदग-धारवाडकडचा गवई आणि हिंदी चित्रपट! धारवाडच्या पेढ्याइतकाच अभिमान या गोष्टीचा वाटायला हरकत नसावी. असो. ‘गुमनाम’मध्ये एका उजाड हवेलीत माणसे एकामागून एक मरतात. मनोज कुमारवर संशय येतो, प्राणवर तर यायचाच, मेहमूदच्या लुंगीवालाही सुटत नाही. नंदावर? छे! ती मारली जाऊ नये म्हणून आपण मुठी आवळून बसतो.

‘कानून’मध्ये निर्दोष, ‘गुमनाम’मध्ये निर्दोष. नऊ वर्षे प्रेक्षकांना सवय लावली गेली. ती कोणी ठरवून लावली नव्हती, पण लागली. आणि मग १९६९ साली यश चोप्रांनी त्या सवयीचाच फायदा घेतला.

पंचावन्न वर्षांहून जुन्या चित्रपटाचा शेवट सांगायला हरकत नसावी. ज्यांना पाहायचाच आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडावेत. नवऱ्याचा खून रेखानेच केलेला असतो, प्रियकराच्या मदतीने. वेडा ठरवलेला माणूस खरे बोलत होता आणि घरंदाज बाई खोटे. दुसरी एखादी नटी असती, धारदार डोळ्यांची, सिगारेट धरायची सवय असलेली, तर प्रेक्षकाने तिसऱ्या रिळातच ओळखले असते. नंदा होती म्हणून प्रेत पटकथेत लपवावेच लागले नाही. ते आपल्या मनातल्या तिच्या चित्रामागे लपले.

ख्रिस्तीबाईंनी १९२६ सालीच हे वर्म ओळखले होते. रॉजर अॅक्रॉइडच्या खुनावरच्या कादंबरीत त्यांनी गुन्हेगार अशा जागी बसवला की वाचकाला तिकडे पाहायचे सुचतच नाही. ही लबाडी आहे म्हणून इंग्लंडात त्या वेळी गहजब झाला. मला ती लबाडी वाटत नाही. पत्तेदारी कथेत पुरावे सगळे समोर असतात. वाचक नेमका कोणाला आधीच निर्दोष सोडून देतो, एवढेच लेखकाला ठाऊक असावे लागते. यश चोप्रांना ते ठाऊक होते. त्या वर्षीचे उत्कृष्ट दिग्दर्शनाचे फिल्मफेअर त्यांना मिळाले.

आमच्या अळणावरात हा शेवट नेहमीप्रमाणे पॅसेंजरने आला. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा. बेळगावला सिनेमा पाहून आलेल्या एका नातलगाने जेवता जेवता खुनी कोण ते सांगून टाकले. माझी आत्या वाढत होती. तिचा हात थांबला. तिने ‘छोटी बहन’ पाहिला होता आणि त्या वर्षीपासून नंदा तिच्या लेखी आमच्याच घरातली होती. ‘नंदा? विनायकरावांची मुलगी? काहीतरी सांगू नका,’ ती म्हणाली. नातलगाने शपथ घेतली. आत्याचे म्हणणे असे की त्याला सिनेमा कळलेला नाही. पोलिसांनी तिच्यावर आळ घातला असेल. दुसऱ्या दिवशी हा वाद विहिरीवर गेला. पलीकडच्या अक्कांनी, नरसिंहय्यांच्या वाचक त्या, आमच्या आत्याचीच बाजू घेतली. ‘आकी हंग माडंगिल्ल बिडु,’ त्या म्हणाल्या. दोन भाषांतल्या दोन बायकांनी मिळून नंदाला सोडवले. मग अक्कांनी एक गोष्ट विचारली ती मला आजही आठवते: ‘नवरा तिला बरा वागवत होता की नाही, ते पाहिलंस का रे?’ नातलगाने ते पाहिले नव्हते.

या प्रश्नात पोलिसाला न सुचणारा तपास होता. दोघींना निकाल मान्य नव्हता, पण एकीने आरोपच नाकारला आणि दुसरीने कारण विचारले. घरातली मुलगी असे करणार नाही, आणि केलेच असेल तर तशी वेळ तिच्यावर कोणी आणली, ही दोन्ही वाक्ये गावात खऱ्या घटनांच्या वेळीही मी पुढे ऐकली. पहिले वाक्य नेहमी मोठ्याने बोलले जाई, दुसरे हळू. आणि ज्या बाईचा चेहरा नंदासारखा नसे, तिच्यासाठी दोन्ही वाक्ये कोणी बोलत नसे. वेड्याच्या इस्पितळातून आलेल्या माणसासाठी तर नाहीच. दिलीप रॉयचे कोणी ऐकले नाही ते तो खोटे बोलत होता म्हणून नव्हे.

आता २०१७ च्या चित्रपटाची अडचण लक्षात येईल. अभय चोप्रांजवळ आजोबांची गोष्ट होती, पावसाळी रात्र होती, पैसा होता, शाहरुख खान आणि करण जोहर यांच्या संस्थांचे पाठबळ होते. नंदा नव्हती. मी नंदा नावाच्या व्यक्तीविषयी म्हणत नाही. नंदासारखी जागाच उरली नव्हती. सोनाक्षी सिन्हा गुणी नटी आहे, पण तिच्याकडे पाहून राखी आठवत नाही. आठवावी अशी तिची, किंवा तिच्या पिढीतल्या कोणाचीच अपेक्षा नाही, आणि त्याबद्दल त्यांचे अभिनंदनच करायला हवे. दहा वर्षे एकाच चेहऱ्याने रडत राहण्याची सक्ती संपली. पण रहस्यपटाचे त्यात नुकसान झाले. ज्या नायिकेवर प्रेक्षक पहिल्या मिनिटापासून संशय घ्यायला मोकळा आहे, तिच्यामागे प्रेत लपवणार कसे?

म्हणून नव्या ‘इत्तफाक’ने दुसरी युक्ती केली. चित्रकाराचा लेखक झाला. एका खुनाऐवजी दोन खून थेट समोर ठेवले, आणि त्या रात्रीची हकीकत दोनदा दाखवली. एकदा त्याच्या तोंडून, एकदा तिच्या. प्रेक्षकाला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवले आणि मधे उभा केला पोलीस अधिकारी देव, म्हणजे अक्षय खन्ना. चित्रपट खऱ्या अर्थाने त्याचाच आहे. कंटाळलेला, चहाच्या कपावरून समोरच्याला जोखणारा, विनोद करून माणूस सैल पाडणारा. १९६९ मध्ये कोणावर विश्वास ठेवायचा हे प्रेक्षक घरूनच ठरवून आला होता. २०१७ मध्ये तो कोणावरच विश्वास न ठेवण्याचे ठरवून आला. शेवट काय ते मी सांगणार नाही, कारण हा चित्रपट अजून पुष्कळांचा पाहायचा राहिला असेल. एवढेच सांगतो की जुने उत्तर ठाऊक असलेल्याला तेच ज्ञान चकवते. हुशारी आहे. जुन्यांचे ज्ञान हाच नवा पडदा केला.

रहस्य फुटू नये म्हणून निर्मात्यांनी नटांना गावोगाव मिरवले नाही, प्रेक्षकांना शेवट सांगू नका अशी विनवणी केली. लंडनला ‘द माऊसट्रॅप’ हे ख्रिस्तीबाईंचे नाटक १९५२ सालापासून अशीच विनवणी करत आले आहे. विनवणी खरी, पण मोबाईलच्या काळात शेवट पॅसेंजरची वाट पाहत नाही. पहिला खेळ सुटण्याआधी तो पोहोचतो.

तरीही नवा चित्रपट पाहून मी उठलो तो डोके खाजवत. जुना पाहून उठलो होतो तो गप्प. दोन्ही चांगले चित्रपट, पण डोके खाजवणे आणि गप्प होणे यात फरक आहे. नव्यात मी हरलो ते दिग्दर्शकाकडून. जुन्यात हरलो ते माझ्या घरातल्या समजुतीकडून, आणि ते अधिक लागले.

उत्तर बदलावे की ठेवावे, याचा एकच नियम सांगता येत नाही. खुद्द ख्रिस्तीबाईंनी आपल्या बेटावरच्या दहा जणांची गोष्ट १९४३ साली रंगभूमीवर आणली तेव्हा शेवट बदलून दोघांना जिवंत ठेवले. युद्धाच्या दिवसांत लोकांना एवढे मरण झेपले नसते. कन्नडमध्ये २०१५ साली के. एम. चैतन्य यांनी याच कल्पनेवर ‘आटगारा’ काढला. आटगारा म्हणजे खेळाडू. दहा माणसांना बेटावर आणायला आता कोणा अनोळखी यजमानाचे पत्र लागत नाही, दूरचित्रवाणीवरच्या खेळाचे आमिष पुरते. माझ्या मते रूपांतराची खरी कसोटी इथेच आहे, खुनी कोण यापेक्षा माणसे फसतात कशाला. १९३९ साली ती आमंत्रणाला फसत, २०१५ साली प्रसिद्धीला. आपल्या बाजूची मुले हा चित्रपट कन्नडमध्ये पाहतात, ‘गुमनाम’मधले नाच यूट्यूबवर पाहतात, आणि दोन्ही एकाच बीजाचे आहेत हे त्यांना कोणी सांगत नाही. घरातल्या मोठ्यांनी सांगायला हवे. शेवट सांगू नये, एवढे पथ्य पाळावे.

राहता राहिली नंदा. नवा ‘इत्तफाक’ पाहायला ती नव्हती. २५ मार्च २०१४ ला ती गेली. पण जुन्यानंतर तिचे काय झाले? खुनी ठरलेल्या बहिणीला लोकांनी पुन्हा घरात घेतले का? पुढच्याच वर्षी, १९७० साली, राजेश खन्नाबरोबरच ‘द ट्रेन’ आला. मूळ मल्याळम ‘कोचीन एक्सप्रेस’, मग तमिळ ‘नीलगिरी एक्सप्रेस’ आणि मग हिंदी. आगगाडीतले खून, त्यामुळे आमच्या जंक्शनच्या गावात तो ‘इत्तफाक’हून जास्त चर्चिला गेला. त्यातही नंदाच्या वागण्यावर सावली होती, आणि आता मात्र लोक तिच्याकडे तिरप्या नजरेने पाहायला शिकले होते. पुढे ‘शोर’सारखे मोजके चित्रपट करून ती काही वर्षे बाजूला झाली.

परत आली ती आई होऊन. १९८२ च्या राज कपूरच्या ‘प्रेमरोग’मध्ये ती ठाकूर घराण्यातली सून आहे, आणि तरुणपणी विधवा झालेल्या तिच्या मुलीचे काम केले आहे पद्मिनी कोल्हापुरेने. एक कर्नाटकी, एक कोल्हापुरे. नावांचा हा योगायोग कोणी जुळवून आणला नव्हता. वाड्याच्या रीतीपुढे मान खाली घालून उभी असलेली ती आई पाहताना न्हाणीघरातल्या प्रेताची आठवण थिएटरात एकालाही झाली नसावी. आमच्या आत्याने ‘प्रेमरोग’ हुबळीला जाऊन दोनदा पाहिला. ‘इत्तफाक’ पुढे दूरदर्शनवर लागला तेव्हा टीव्ही तिच्या खोलीतच होता. तिने तो बंद करायला लावला.